नाखवांचा बाजाराचा दिवस

धामणगाव नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. बुलढाण्याकडे धामणगाव बढे आहे, आमच्याच अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी धामणगाव गढी आहे. आमच्या धामणगावाला ना बढे ना गढी, त्याच्या नावापुढे रेल्वे लागली. १८६७ साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वाटेतल्या या ठिकाणाला कापसाने मोठे केले. जिनिंग, प्रेसिंग, रुईच्या गठाणी आणि त्या मुंबईला नेणारी मालगाडी, एवढे आमचे जग. यवतमाळची माणसे आजही गाडी धरायला आमच्याकडे येतात. पाणी म्हणाल तर वर्धा नदी. उन्हाळ्यात ती पायजमा वर धरून ओलांडता येते. समुद्राशी आमचा संबंध यायचे काही कारण नव्हते.

घरात मात्र एका जहाजाच्या गोष्टी होत्या. दादीजान मर्हूम धामणगावच्या फलाटावरून मुंबईला गेल्या, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम केला आणि मुघल लाइनच्या ‘अकबर’ जहाजातून हजला गेल्या. परतल्यावर मक्का-मदिनेच्या खालोखाल त्या सांगत ते जहाजावरच्या गोड्या पाण्याचे. वजूला किती, पिण्याला किती, याचा हिशेब त्यांनी पुढे घरीही सोडला नाही. नळ वाहता राहिला की त्या आतून ओरडत. १९९५ पासून भारतातून जहाजाने हजला जाणे बंद झाले. आमच्यातले जे नंतर गेले त्यांनी समुद्र पाहिला तो विमानाच्या खिडकीतून.

मग आमचा थोरला मुलगा शिक्षक झाला. कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत जाऊन पाहिले तर विदर्भ-मराठवाड्यातली मुले-मुली शिकवताना हमखास भेटतात. डी.एड. इकडे करायचे आणि नोकरी तिकडे, असे कित्येक घरांत झाले. मुलाला मुरूड तालुक्यातली शाळा मिळाली. खोली मिळाली ती एका मासेमारी बोटीच्या मालकाच्या घरात. त्या मालकांना सगळे गाव नाखवा म्हणते. मूळ फारसी शब्द नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. खलाशी, बंदर, लंगर हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले.

मुलगा तीन वर्षे त्या घरात राहतो आहे, पण घरमालक त्याला मोजून दहा-बारा वेळा दिसले. एक जून ते एकतीस जुलै या दोन महिन्यांत मासेमारी बंद असते, तेवढेच नाखवा घरी. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली की मे संपेपर्यंत त्यांचा मुक्काम बोटीवर. माल मुंबईत विकला जातो, म्हणून बोटीचे बिऱ्हाड भाऊच्या धक्क्यावर. दहा-बारा दिवस समुद्रात, दीड-दोन दिवस धक्क्याला, पुन्हा समुद्रात. ईदला घरी येतात, तेही समुद्राने सोडले तर.

मुलाकडे जायचे ठरले तेव्हा तोच म्हणाला, “अब्बा, मुंबईवरूनच येता तर नाखवांना भेटून या. तुम्हाला त्यांचा बाजाराचा दिवस बघायला आवडेल.” मी एकतीस वर्षे अडत दुकानात दिवाणजी होतो. कोण कशासाठी बाजारात आला आणि काय घेऊन परत गेला हे पाहण्यातच माझी उमर गेली, हे त्याला ठाऊक आहे.

नाखवांना फोन केला तर म्हणाले, “चाँदची सात तारीख धरा. संध्याकाळी सहाच्या भरतीला आम्ही सुटणार. सकाळी आलात तर दिवसभर सोबत होईल.” सहाचीच भरती, हे त्यांनी कोठे पाहिले? तर कोठेच नाही. कोकणात जुना हिशेब आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सकाळीही साधारण सहा, संध्याकाळीही सहा. नाखवा तिथीच्या जागी चाँदची तारीख घेतात आणि तिच्यात एक मिळवतात. शेजारच्या बोटीचे कोळी तांडेल पंचांगावरून तेच उत्तर काढतात. घड्याळाचा प्रश्न दोघांचा एकच.

डिसेंबरातल्या त्या सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला उतरलो आणि हार्बरच्या गाडीने डॉकयार्ड रोडला आलो. डब्यातल्या पाटीवर पुढच्या स्टेशनांची नावे वाचत होतो. त्यात रे रोडनंतर कॉटन ग्रीन आले आणि मी थबकलो. कुलाब्याचा कापसाचा व्यापार जिथे हलवला गेला तो हा भाग. आमच्या गठाणी ज्या गावाला जात होत्या, ते गाव धक्क्यापासून दोनच स्टेशने पुढे होते, आणि मला ते इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

भाऊचा धक्का हे नाव १९व्या शतकातल्या लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्यामुळे पडले. त्यांनी बांधलेल्या मूळ धक्क्याचे ते नाव. आज तिथे एका बाजूला रेवसची लाँच आणि मांडव्याची मोठी रो-रो बोट सुटते, दुसऱ्या बाजूला मासळी. मी पोहोचलो तेव्हा लिलाव संपत आला होता. आमच्या कापसाच्या लिलावात आवाज एकाचा आणि बाकीचे मान हलवणारे. इथे सगळेच बोलत होते, आणि खरेदीला बसलेल्या कोळणींसमोर पुरुषांचे फारसे चालत नव्हते. जमीन ओली, पायाखाली बर्फाचा चुरा, अंगावर मासळीच्या पाण्याचे शिंतोडे. मी पांढरा कुर्ता घालून आलो होतो.

नाखवांची बोट धक्क्याला लागून नव्हती. एकीला एक अशा बोटी बांधलेल्या असतात. चार बोटींचे कठडे ओलांडून पाचव्या बोटीवर जायचे. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी ते केले, दोन खलाशांनी दोन्ही हात धरले म्हणून. नाखवा पुढे येऊन सलाम करून म्हणाले, “या मास्तरांचे अब्बा, घर आमचे छोटे आहे.”

ते घर सांगतो. पुढच्या अंगाला जाळी आणि दोर. मधोमध लाकडी खण, त्यात बर्फात मासळी राहते. मागे केबिन, आमच्याकडच्या पानठेल्यापेक्षा थोडी मोठी. तिच्यात सुकाणू, वायरलेस, मासळीचा थवा दाखवणारे यंत्र, आणि मागच्या फळ्यांवर वरखाली झोपायच्या जागा. तिथे आठ माणसे पाळीपाळीने झोपतात. एका खुंटीला गुंडाळलेली जानमाज, तिच्या शेजारी नारिंगी जीवरक्षक जाकिटे. शेगडी मागच्या कोपऱ्यात, भोवती लोखंडी पट्टीचा कठडा, म्हणजे बोट डोलली तरी पातेले जागचे हलत नाही. गोड्या पाण्याची टाकी वेगळी, तिच्या नळाला कुलूप. दादीजान असत्या तर त्यांनी त्या कुलपाला शाबासकी दिली असती.

या घराला अंगण नाही, शेजारी किराणा दुकान नाही. मीठ संपले तर वाटी घेऊन कोणाकडे जाणार? किनारा सोडला की जे आणले ते आहे आणि जे राहिले ते दहा-बारा दिवस नाही. म्हणून बाजाराची यादी नाखवा समुद्रात असतानाच करतात. जंत्रीच्या फाटक्या पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली ती यादी त्यांनी माझ्या हातात दिली. “तुम्ही दिवाणजी. आज हिशेब तुमच्याकडे.”

यादीत अकरा गोष्टी होत्या. डिझेल, बर्फ, पाणी, टोकन हे सुरुवातीला. मग इंजिनाचा पंप, दोर, जाळ्याचे सूत, किराणा, गॅस, औषधे. शेवटी बारीक अक्षरात एकच शब्द, चष्मा. मला वाटले, याच क्रमाने जायचे. नाखवांनी पान पाहिलेसुद्धा नाही. त्यांचा क्रम डोक्यात होता आणि तो वेगळाच होता.

आमच्याबरोबर एक म्हातारे खलाशी निघाले. सगळे त्यांना चाचा म्हणत. “सामान सांभाळायला हवेत,” नाखवा म्हणाले. चाचांच्या उजव्या पायावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती आणि ते टाच न टेकता चालत होते. नाखवांनी त्या पिशवीकडे एकदा पाहिले आणि काही विचारले नाही.

पहिले काम कागदाचे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे लोक पळवलेल्या ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून आले होते. त्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीचे जगणे बदलले. बोटीला नोंदणीचा क्रमांक ठळक रंगवलेला हवा, प्रत्येक खलाशाचे ओळखपत्र हवे, बोट सुटताना कोण कोण आत आहे त्याची नोंद हवी. नाखवांकडे एक जाड प्लास्टिकची फाइल आहे. आठ माणसांचे आठ खण, त्यात आधार, ओळखपत्र, विम्याचा कागद. पावसाळ्यात त्या फाइलला ते जाळ्यापेक्षा जास्त जपतात. समुद्रात तपासणी झाली की नावे वाचली जातात. “कागद पुरे असले की बोलणे थोडक्यात आटोपते,” एवढेच ते म्हणाले. मीही पुढे विचारले नाही. आपल्यापैकी ज्यांना गाडीत, लॉजवर, नाक्यावर नाव सांगावे लागते त्यांना ते वाक्य कळायला वेळ लागत नाही.

डिझेल सोसायटीतून मिळते. एका फेरीला दोन-अडीच हजार लिटर लागते, म्हणजे फेरीच्या खर्चातला सर्वांत मोठा घास तोच. त्यावरचा कर सरकार मच्छिमाराला परत देते, पण आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि परतावा मागाहून येणार. तो केव्हा येईल यावर बोटवाल्यांची बैठक धक्क्यावर कायम भरलेली असते. आमच्याकडे कापसाच्या चुकाऱ्यावर भरते, अगदी तशीच.

सोसायटीतून आम्ही टॅक्सीने दारूखान्याला गेलो. नावाने दचकू नका, हा दारू म्हणजे तोफेची दारू. आता तिथे जुनी जहाजे तोडतात आणि त्यांच्या पोटातून निघालेले सगळे विकायला असते. मनगटाएवढे जाड दोर, नांगर, पितळी खिडक्या, जहाजावरची पलंगे, बेसिने, दिवे. एका दुकानासमोर तर डॉक्टरच्या खोलीतले पांढरे कपाट उभे होते, कुठल्याशा परदेशी लिपीत नाव असलेले. मी अशा जागी दिवसभर रमलो असतो. नाखवा इकडे तिकडे न पाहता तिसऱ्या गल्लीत शिरले.

त्यांना हवा होता पंप. बोटीचे इंजिन समुद्राचे पाणी आत खेळवून थंड ठेवतात. ते पाणी ओढणारा पंप गेल्या फेरीपासून गळत होता. तो समुद्रात बंद पडला तर इंजिन तापते आणि बंद करावे लागते. मग वारा नेईल तिकडे जायचे आणि दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणायची वाट पाहायची. नवा पंप घेण्याइतके पैसे नाखवांच्या खिशात नव्हते. दुकानदाराने तीन जुने पंप काढले. पहिल्याचा दांडा फिरवून नाखवांनी कान लावला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्याच्या दांड्यावरून नख फिरवले. नख एका जागी अडकले, तोही बाजूला. तिसरा उघडून आतला रबरी पंखा काढला, दुमडून पाहिला. “पंखा नवा घालीन, बाकी ठीक आहे.” पाऊण तास घासाघीस झाली. चाचा एका नांगरावर बसून होते. शेवटी जो भाव ठरला तो मी यादीच्या मागे लिहिला. नव्याच्या निम्म्याहूनही तो बराच कमी होता.

पंप मिस्त्रीच्या हाती देऊन बोटीवर पाठवला तेव्हा बारा वाजत आले होते. बसवायला दोन-तीन तास लागणार. पुढचा मुक्काम मशीद बंदर आणि नागदेवी. मशीद स्टेशनाचे नाव, सांगतात की, आपल्या मशिदीवरून पडलेले नाही. जवळच बेने इस्रायली ज्यूंचे १७९६ साली बांधलेले प्रार्थनास्थळ आहे. कोकणातून आलेले हे लोकही मराठीच बोलणारे, आणि आसपासच्या लोकांनी त्यांच्या प्रार्थनाघरालाही मशीदच म्हटले. नाखवांना हे ठाऊक होते. त्यांच्या आजोबांच्या वेळी गावात तेल गाळणारी अशी घरे होती, असे ते म्हणाले.

नागदेवी स्ट्रीट ही लोखंडी सामानाची पेठ. बेअरिंग, पट्टे, साखळ्या, दोर, नटबोल्ट. एकेका दुकानाची रुंदी दोन माणसांची आणि खोली बोगद्याएवढी. दोर घेताना नाखवांनी त्याचे टोक उसवून एकेक धागा पाहिला. मला अडत दुकानातला कापूस आठवला. बोंड हातात घेऊन धागा ओढून लांबी पाहणारी माणसे आमच्याकडेही होती, त्यांच्यापुढे यंत्राचा दाखला चालत नसे.

जोहरला आम्ही जवळच्या जामा मशिदीत गेलो. १८०२ साली पुरी झालेली ही मशीद कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांनी उभी केली. त्यांच्यात रोगे घराण्याचे नाव पहिले घेतात, आणि तेही नाखुदा म्हणवत. आत गेलो आणि समोर तलाव. इमारतीच्या पोटात जुना झऱ्याचा तलाव आहे, त्याच्यातून कमानी वर आल्या आहेत आणि त्या कमानींवर मशीद उभी आहे. पायऱ्या उतरून वजू करायचा. दोन शतकांपूर्वी त्या दर्यावर्दी लोकांनी नमाजेची जागाही पाण्यावरच बांधली. चाचा पायऱ्या उतरले नाहीत. नाखवांनी त्यांच्यासाठी तांब्याने पाणी आणले. आणताना पुन्हा एकदा त्या पायाकडे पाहिले.

बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्याला त्यांनी धक्क्याचा पत्ता सांगितला नाही. डोंगरीतल्या एका दवाखान्यासमोर गाडी थांबवली. चाचा उतरायला तयार नव्हते. “औषधे घ्यायची आहेत, चला,” नाखवा म्हणाले. यादीत औषधे होतीच, त्यामुळे चाचांना बोलता आले नाही.

पायात शिंगाळ्याचा काटा गेला होता. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखा काटा असतो. जाळे ओढताना तो तळव्यात घुसला, त्याला अकरा दिवस झाले होते. इतरांची अशी जखम भरून येते. चाचांना साखरेचा आजार. त्यांचे इन्सुलिन बोटीवर खणाच्या बर्फाशेजारी डब्यात असते, रोज सकाळी ते स्वतः टोचून घेतात. हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी क्षणभर लिहिणे थांबवले. पिशवी सोडली, जखम धुतली, पट्टी केली, गोळ्या दिल्या. मग म्हणाल्या, पंधरा दिवस पाय कोरडा हवा, रोज नाही तर एक दिवसाआड ड्रेसिंग हवे. खाऱ्या पाण्यात गेलात तर पुढच्या वेळी पायाचे नव्हे, बोटे कापायचे बोलावे लागेल.

टॅक्सीत कोणी बोलले नाही. धक्का जवळ आल्यावर चाचा म्हणाले, “मी केबिनमध्येच बसेन. पाणी लागणार नाही.” नाखवा गप्प. चाचा पुन्हा म्हणाले, “घरी बसून वाटा मिळतो का?” बोटीवरचा हिशेब असा की फेरीचा खर्च वजा जाता जे उरते त्याचे वाटे पडतात. बोटीचा मोठा वाटा, तांडेलाचा, मग खलाशांचे. जो फेरीला नाही त्याचा वाटा नाही. माझ्या मते हा नियम क्रूर नाही, कारण सात माणसांना आठव्याचे काम करावे लागते. पण चाचांची दोन नातवंडे आमच्याच मुलाच्या शाळेत आहेत, हे मला तेव्हा समजले.

बोटीवर जेवण तयार होते. आचाऱ्याने पाहुण्यासाठी खास चिंबोऱ्यांचा रस्सा केला होता. आता आली पंचाईत. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, आम्ही वऱ्हाडातले हनफी. त्यांच्याकडे समुद्रातले सगळे चालते, आमच्याकडे खेकडा चालत नाही आणि कोलंबीवर वडीलधाऱ्यांचे एकमत नाही. मी संकोचून सांगितले. सगळे हसले. आचाऱ्याने पाच मिनिटांत सुके बोंबील भाजून, त्यावर कांदा आणि लिंबू टाकून समोर ठेवले. चिंबोऱ्या समोर असताना मी बोंबलांवर खूश होतो, याची त्या आचाऱ्याला फार कीव आली असावी. पुढे असरलाही तेच. नाखवांची असर पावणेचारच्या सुमारास झाली, मी पाऊण तासाने एकटा उभा राहिलो. जानमाज मात्र तीच, खुंटीवरची.

दलालाकडे जायचे काम नाखवांनी शेवटी ठेवले होते. धक्क्यावरच्या छपराखाली एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला जाड वह्या. बर्फाचे आणि डिझेलचे पैसे कमी पडत होते, ते दलाल देतो. व्याज घेत नाही. त्याच्या बदल्यात बोटीचा सगळा माल त्यानेच विकायचा आणि त्यावर त्याची दलाली. जितकी उचल जास्त, तितकी वर्षे बोट त्याच्या टेबलाशी बांधलेली. मला या व्यवहाराचे एकेक कलम पाठ होते. आमच्याकडे बियाण्याला, खताला, लग्नाला उचल दिली जाते आणि कापूस आपोआप त्याच दुकानात उतरतो. भाव विचारायचा हक्क उचलीतच संपतो.

दलाल सभ्य माणूस होता. चहा मागवला, विचारपूस केली. म्हणाला, “पंप गळतो म्हणे तुमचा. नवा घ्या ना, पैसे नेऊन ठेवा, सीझनभर निश्चिंत.” नाखवा म्हणाले, “पंप बसला सकाळीच.” दलालाने वहीवरून मान वर केली. त्यांनी फक्त बर्फ आणि डिझेलपुरता आकडा सांगितला, सही केली.

तेव्हा मला त्या दिवसाचा क्रम उलगडला. दलालाकडे आधी आलो असतो तर गळका पंप घेऊन आलो असतो. मी दुकानात बसून पाहिले आहे, जो शेतकरी बाजार करून मग अडतीवर येतो त्याची मागणी लहान असते आणि बोलणे ताठ असते. आधी आमच्याकडे येणारा आमच्याच पैशाने बाजार करतो. हे मालकांना चांगले कळत होते. सकाळी उघडल्या उघडल्या दुकानासमोर बाज टाकून पाणी आणि चहा तयार ठेवण्याचा आमचा रिवाज त्यासाठीच होता.

साडेचार वाजता बर्फ सुरू झाला. लाद्या यंत्रात घालून चुरा करतात आणि तो पन्हाळीतून बोटीच्या खणात सोडतात. चार बोटी ओलांडून पन्हाळ लांबवलेली. खणात दोन पोरे फावडी घेऊन उभी, श्वासाची वाफ निघते आहे, वर मुंबईचे ऊन. दुसरीकडे पाण्याचा पाइप, गॅसची टाकी, तांदळाची पोती, कांदे, चहा, दूध पावडर, मसाला. मिस्त्रीने इंजिन सुरू केले. मागच्या बाजूने पाण्याची धार बाहेर पडू लागली. नाखवा धारेत हात धरून बराच वेळ उभे राहिले. पाणी कोमटच होते. “लागला,” ते म्हणाले.

मग ते माझ्याकडे आले. “मास्तरांचे अब्बा, तुम्ही रेवसच्या लाँचने जाणार ना? चाचांना घेऊन जा. तुमच्या घराच्या मागच्या आळीतच त्यांचे घर आहे.” चाचा दोराची गुंडाळी करत बसले होते, त्यांनी ऐकले पण मान वर केली नाही. नाखवांनी आतून त्यांची पिशवी आणली, इन्सुलिनचा डबा बर्फाने भरून एका फडक्यात बांधला. मग सगळ्यांच्या समोर, आवाज न चढवता, खलाशांना म्हणाले, “या फेरीला चाचांचा अर्धा वाटा बोटीच्या वाट्यातून. तुमच्यातला एक पैसा जाणार नाही.” कोणी काही बोलले नाही. एका पोराने चाचांच्या चपला उचलून पलीकडच्या बोटीवर ठेवल्या, म्हणजे त्यांना अनवाणी ओलांडावे लागू नये.

चाचा उठले. नाखवांशी बोलले नाहीत. आचाऱ्याला मात्र सांगितले, “तिखट कमी टाक, त्याला सोसत नाही.”

सहाला पाच-सात मिनिटे असताना बोट सुटली. पलीकडच्या चार बोटींनी आपापले दोर सैल करून वाट दिली. आमची लाँच थोड्या वेळाने निघाली. मगरिब लाँचवरच पढली. किब्ला कुठे, हे मी विचारायच्या आत चाचांनी हाताने दाखवले आणि लाँच वळली तसा हातही वळवला. धक्क्याचे दिवे मागे पडले. समोर अंधारात पुष्कळ बोटींचे दिवे होते. त्यातला आपला कोणता, हे मला सांगता आले नसते. चाचा एकाकडेच पाहत होते.

मी हिशेब पुरा करावा म्हणून यादी काढली. जे आले त्यावर रेघ मारत गेलो. टोकन, डिझेल, बर्फ, पाणी, पंप, दोर, सूत, किराणा, गॅस, औषधे. दहा रेघा झाल्या.

“चष्मा कोणाचा होता?” मी चाचांना विचारले.

“त्याचाच,” चाचा म्हणाले. “जवळचे दिसत नाही आता. मागच्या फेरीला पण लिहिला होता.”

रेवसला उतरलो तेव्हा एसटी उभी होती. चाचांनी पहिली पायरी चढायच्या आधी डबा हलवून पाहिला. बर्फ अजून वाजत होता.